दारावरची थाप : क्यूबातला लोकसहभाग आणि मनाची काळजी

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एक पुस्तक काढलं. संपादक होते केनेथ न्यूएल. मोठ्या इस्पितळांची आणि महागड्या यंत्रांची वाट न पाहता लोकांनाच हाताशी धरून आरोग्याचं काम जगात कुठे कुठे उभं राहिलं आहे, याचा तो धांडोळा होता. त्यात एक प्रकरण आपल्या जामखेडचं होतं, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी लिहिलेलं. आणखी एक होतं क्यूबाचं. तीनच वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला.

जामखेड आणि क्यूबा एकाच बांधणीत आले खरे, पण दोघांची जातकुळी निराळी. जामखेडला दोन डॉक्टर खेड्यात राहायला आले आणि गावातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायका आरोग्याचं काम शिकल्या. सरकार तिथून लांब होतं. क्यूबात खुद्द सरकारच लोकांच्या दारात येऊन उभं राहिलं. कधी पाटी-पुस्तक घेऊन, कधी लस घेऊन, कधी स्टेथोस्कोप गळ्यात घालून, तर कधी नुसतं कोण आलं-गेलं ते बघायला. क्यूबातल्या मानसशास्त्राचा आणि समाजसेवेचा आढावा घेताना मला दोन प्रश्न बाजूला ठेवता येत नाहीत. दारावरची थाप कोणाची आहे? आणि आतल्या माणसाला 'आज नको' म्हणता येतं का?

१ जानेवारी १९५९ ला क्रांती झाली तेव्हा देशात सुमारे सहा हजार डॉक्टर होते. पुढच्या काही वर्षांत त्यांतले जवळजवळ निम्मे देश सोडून गेले. मानसशास्त्र हा विषय सरकारी विद्यापीठांत स्वतंत्रपणे शिकवण्याची सोय झाली ती क्रांतीनंतर: १९६१ मध्ये सांता क्लाराच्या विद्यापीठात, १९६२ मध्ये हवानात. म्हणजे माणसांची काळजी घेणारी शिकलेली माणसं कमी आणि काम अफाट. हा खड्डा भरायला जे हात लागले ते व्यावसायिकांचे नव्हते, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होते. लोकसहभाग तिथे आधी निकडीतून आला, त्याची तात्त्विक मांडणी मागाहून झाली. हे ध्यानात ठेवलं तर पुढचं बरंच काही उलगडतं.

पहिली मोठी थाप १९६१ ची. त्या वर्षी सुमारे एक लाख किशोरवयीन मुलं-मुली साक्षरता मोहिमेत खेड्यापाड्यांत गेली. शेतकऱ्यांच्या झोपड्यांत राहायची, दिवसा त्यांच्याबरोबर राबायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवायची. वर्षअखेरीस सात लाखांहून अधिक लोक लिहा-वाचायला शिकले होते आणि निरक्षरतेचं प्रमाण २३.६ टक्क्यांवरून ३.९ टक्क्यांवर आल्याचं सरकारनं जाहीर केलं. या मोहिमेला मी मानसशास्त्राच्या आढाव्यात मुद्दाम जागा देतो. कधी शहराबाहेर न पडलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आईबापांना सोडून महिनोन्‌महिने परक्या घरात राहते, बापाच्या वयाच्या माणसाचा हात धरून त्याला अक्षर गिरवायला शिकवते, तेव्हा बदल त्या माणसात होतो तेवढाच तिच्यातही होतो. 'आपल्याला जमतं' ही जाणीव कुठल्याही समुपदेशनानं इतक्या माणसांना एका वर्षात दिली नसती.

आणि त्याच मोहिमेत दुसरी बाजूही आहे. शिकणाऱ्याची शेवटची परीक्षा काय होती? फिडेल कॅस्ट्रोंना स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं. ती पत्रं हवानातल्या साक्षरता संग्रहालयात जपून ठेवली आहेत. आयुष्यात पहिल्यांदा हाती आलेली लेखणी आणि पहिलं पत्र देशाच्या नेत्याला! त्या पत्रांतला आनंद खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण पत्र कोणाला लिहायचं हे मात्र लिहिणाऱ्यानं ठरवलेलं नव्हतं.

त्याच सुमारास दोन मोठ्या संघटना उभ्या राहिल्या. ऑगस्ट १९६० मध्ये विल्मा एस्पिन यांच्या नेतृत्वाखाली क्यूबन महिला महासंघ आणि सप्टेंबरमध्ये क्रांती-रक्षण समित्या. या समित्या गल्लोगल्ली होत्या. १९६२ मध्ये पोलिओची लस घरोघरी पोचवण्यात त्यांच्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता, आणि लॅटिन अमेरिकेत पोलिओ सगळ्यांत आधी हटला तो क्यूबातून. रक्तदान, गरोदर बाईला तपासणीची आठवण करून देणं, एकट्या म्हाताऱ्याची विचारपूस, ही कामं समितीचीच. रात्रीची गस्त समितीचीच, आणि कोणाकडे कोण येतं, कोण सरकारविरुद्ध बोलतं याची नोंदही समितीचीच. ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांनी केली असती तर हिशेब सोपा झाला असता. लसीची आठवण करून देणारी शेजारीण आणि कानोसा घेणारी शेजारीण एकच होती.

मानसशास्त्रज्ञ या चित्रात आले ते साठच्या दशकाच्या अखेरीस. १९६९ मध्ये आरोग्य मंत्रालयात मानसशास्त्राचा राष्ट्रीय गट स्थापन झाला आणि पॉलिक्लिनिकांत मानसशास्त्रज्ञ नेमले जाऊ लागले. पॉलिक्लिनिक म्हणजे एखाद्या भागातल्या वीस-तीस हजार लोकांसाठीचं आरोग्यकेंद्र. तिथला मानसशास्त्रज्ञ दिवाणखान्यात कोच टाकून बसत नव्हता. बालरोगतज्ज्ञाशेजारी त्याची खुर्ची, प्रसूतीच्या तयारीच्या वर्गात त्याचा तास, रक्तदाब आणि दमा असलेल्यांच्या गटात त्याचं काम. अमेरिकेच्या मानसशास्त्रीय संघटनेत आरोग्य-मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९७८ साली झाला. क्यूबात आरोग्य-मानसशास्त्राची संस्था त्याच्या चार वर्षं आधीची. गरीब देश विचारात मागे असतो, या समजुतीला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

विचारांची शिदोरी दोन ठिकाणांहून आली. सोव्हिएत रशियातून मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की आला: माणसाचं मन आधी माणसांमध्ये घडतं आणि मग आत उतरतं, हा त्याचा गाभ्याचा विचार. मूल एकटं शिकत नाही, आजारी माणूस एकटा बरा होत नाही, असं मानणाऱ्या सेवेला हा पाया चपखल बसला. दुसरी शिदोरी शेजारच्या देशांची. ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे, एल साल्वाडोरमध्ये १९८९ साली लष्करानं ज्याला ठार केलं तो जेझुइट मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्टिन-बारो, व्हेनेझुएलातल्या मारित्सा मोंतेरो. या मंडळींचं समाज-मानसशास्त्र सत्तेच्या विरोधात, झोपडपट्ट्यांत आणि हुकूमशहांच्या सावलीत वाढलं. क्यूबात ते सरकारी पगारावर वाढलं. शब्द तेच राहिले: सहभाग, जाणीव-जागृती, समाजाचं सक्षमीकरण. पण ज्याच्यासमोर उभं राहून हे शब्द उच्चारायचे तो समोरचा पक्षच तिथे नाहीसा झाला. लोकांचं राज्य आहे म्हटल्यावर लोकांनी कोणाकडे काय मागायचं? क्यूबन मानसशास्त्राची सगळ्यांत मोठी अडचण मला इथे दिसते.

ही अडचण नुसती तात्त्विक नव्हती. १९६५ ते १९६८ या काळात कामागुए प्रांतातल्या ऊसमळ्यांत लष्करी श्रमछावण्या होत्या. समलिंगी पुरुष, यहोवाचे साक्षीदार आणि इतर धार्मिक लोक, क्रांतीला घडवायच्या असलेल्या 'नव्या माणसा'च्या साच्यात न बसणारे अनेक जण तिथे डांबले गेले. हवाना विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा एक गट या छावण्यांत तपासण्या करायला गेला होता. २०१० मध्ये कॅस्ट्रोंनी एका मेक्सिकन दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत समलिंगींवरच्या त्या अन्यायाची जबाबदारी स्वतःवर घेतली. १९८६ पासून एचआयव्हीबाधितांना सक्तीनं आरोग्यधामांत ठेवलं गेलं. तिथे जेवण चांगलं होतं, उपचार होते, पगार चालू राहायचा. फक्त घरी जाता येत नव्हतं. घरी राहून उपचार घेण्याची मुभा मिळायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं.

मासोरा नावानं ओळखलं जाणारं हवानाचं मनोरुग्णालय हीच गोष्ट एका आवारात सांगतं. १९५९ पूर्वी तिथे रुग्णांचे जे हाल होते त्यांची छायाचित्रं आजही बघवत नाहीत. क्रांतीनंतर लगेच डॉ. एदुआर्दो ओर्दास प्रमुख झाले आणि पुढची चार दशकं त्यांनी तिथे काढली. बागकाम, कोंबडीपालन, वाद्यवृंद, बेसबॉल, हस्तकला. रुग्णाला माणसात आणायचं असेल तर त्याच्या हाताला काम द्यायचं, हा त्यांचा मार्ग. जगभरचे पाहुणे ते पाहायला येत. आणि जानेवारी २०१० मध्ये, थंडीच्या लाटेत, त्याच रुग्णालयात २६ रुग्ण दगावले. पांघरुणं आणि अन्न रुग्णांपर्यंत पोचलंच नव्हतं. पुढच्या वर्षी खटला चालला आणि संचालकासह कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. पाहुण्यांना मासोरा वर्षानुवर्षं दाखवलं गेलं, पण रुग्णाच्या नातेवाइकांची एखादी समिती, जिला हिशेब मागण्याचा अधिकार आहे, अशी तिथे कधी नव्हती. मला वाटतं, त्या सव्वीस जीवांचा प्रश्न थंडीइतकाच या गोष्टीशी बांधलेला आहे.

आता उजेडाच्या बाजूला येऊ, कारण तीही तितकीच खरी आहे. १९८४ मध्ये हवानाच्या लॉटन भागात दहा डॉक्टरांपासून 'कुटुंबाचा डॉक्टर आणि परिचारिका' ही योजना सुरू झाली. सुमारे १२० कुटुंबांमागे एक दवाखाना. खाली दवाखाना, वर डॉक्टरचं आणि परिचारिकेचं बिऱ्हाड. सकाळी तपासणी, दुपारी घरभेटी. डॉक्टरनं वस्तीतल्या प्रत्येक माणसाला चारांपैकी एका गटात नोंदवायचं: निरोगी, धोक्याच्या कडेवर असलेला, आजारी, आणि आजारामुळे किंवा अपघातामुळे कायमचं काही उणं झालेला. म्हणजे जो दवाखान्यात येतच नाही, त्याचीही वर्षातून एकदा तरी खबर घ्यायची. या नोंदीत कुटुंबाच्या मनःस्वास्थ्यालाही जागा होती. नव्वदच्या दशकात क्यूबन मानसशास्त्रज्ञांनी चौदा विधानांची एक छोटी चाचणी तयार केली. घरात एकोपा कसा आहे, बोलणं मोकळं आहे का, माया दाखवली जाते का, कामं वाटून घेतली जातात का. पॉलिक्लिनिकमधला तज्ज्ञ आणि वस्तीतला डॉक्टर दोघंही ती वापरत. तिच्यातलं पहिलंच विधान आहे ते घरातले महत्त्वाचे निर्णय सगळे मिळून घेतात का, याबद्दल.

शाळेआधीच्या मुलांसाठी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशभर पसरलेला 'आपल्या मुलाला शिकवा' हा कार्यक्रम मला यांतला सगळ्यांत सुंदर वाटतो. पाळणाघरं सगळ्यांना पुरणार नव्हती, मग आईवडिलांनाच शिक्षक करायचं ठरलं. तान्ह्या बाळांच्या घरी कार्यकर्ती यायची, थोडी मोठी मुलं आईबापांसह आठवड्यातून एक-दोनदा बागेत, चौकात, मिळेल त्या अंगणात जमायची. खेळणी घरच्या डबा-बाटल्यांची. आरोग्य, शिक्षण, क्रीडा, संस्कृती या खात्यांची माणसं आणि महिला महासंघ मिळून हे चालवत, आणि कामाचा मोठा भार स्वयंसेवकांवर. सहा वर्षांखालच्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांपर्यंत पोचलेला हा कार्यक्रम पुढे लॅटिन अमेरिकेतल्या इतर देशांनी उचलला. इथे सहभागाचा अर्थ सरळ होता. आई स्वतःच्या मुलासाठी येत होती, तिला काय जमतं आणि काय नाही हे तीच ठरवत होती. म्हाताऱ्यांची 'आजी-आजोबा मंडळं'ही अशीच. सकाळी बागेत हातपाय हलवायचे आणि मग तासभर गप्पा. व्यायामाइतकंच औषध त्या गप्पांत होतं.

पण निर्णय लोकांच्या हाती देण्याच्या सगळ्यांत जवळ क्यूबा पोचला तो वेगळ्याच वाटेनं, वास्तुशास्त्रज्ञांच्या. १९८७ मध्ये हवानाच्या सर्वांगीण विकासासाठी एक गट नेमला गेला. खीना रेय, मारियो कोयुला अशी जाणती मंडळी त्यात होती. शहराची १:१००० प्रमाणातली भली मोठी प्रतिकृती बनवणारा गट हाच. त्यांनी १९८८ मध्ये तीन दुर्लक्षित वस्त्यांत 'वस्ती-परिवर्तन कार्यशाळा' सुरू केल्या: कायो वेसो, अतारेस आणि ला ग्विनेरा. पुढे अशा वीसेक झाल्या. प्रत्येकीत वास्तुशास्त्रज्ञ, समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजशास्त्रज्ञ असा छोटा चमू, शक्यतो वस्तीतलाच. त्यांनी रहिवाशांना एकत्र बसवायचं आणि विचारायचं: इथे सगळ्यांत जास्त काय सलतं? गळकी छपरं, तुंबलेली गटारं, दारू, रिकामी बसलेली पोरं, एकटी म्हातारी. क्रम लोकांनी लावायचा.

ला ग्विनेरा ही हवानाच्या दक्षिणेची, पत्र्या-फळ्यांच्या झोपड्यांची वस्ती. तिथे बायकांनी पुढाकार घेतला. विटा-सिमेंट सरकारनं दिलं, श्रम रहिवाशांचे. ज्यांनी कधी थापी हातात धरली नव्हती त्या बायका गवंडीकाम शिकल्या आणि बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. १९९५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पन्नासाव्या वर्षी, जगभरच्या ज्या वस्त्यांचा गौरव झाला त्यांत ला ग्विनेराचं नाव होतं. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं.

तोवर सोव्हिएत संघ कोसळला होता. १९८९ ते १९९३ या काळात क्यूबाची अर्थव्यवस्था एक तृतीयांशानं आक्रसली. अन्नाच्या तुटवड्यातून डोळ्यांच्या आणि नसांच्या विकाराची साथ आली, पन्नास हजारांवर लोकांना त्रास झाला. या काळात समाज उभा राहिला तो शेजारधर्मावर आणि मोकळ्या जागांत लावलेल्या भाज्यांवर, यात वाद नाही. पण मानसशास्त्रज्ञाच्या महिन्याच्या पगाराहून हॉटेलात सामान उचलणाऱ्याची बक्षिसी जास्त झाली, आणि अनेकांनी पेशा सोडला. वस्ती-कार्यशाळांना लोकांचं मत विचारायची परवानगी होती, पण सिमेंट कुठे जाणार हे वरूनच ठरत होतं. तिथे सहभाग म्हणजे बोलावलं की जमणं आणि विचारलं की मत देणं, ठरवण्यात मात्र लोक नाहीत, ही टीका बाहेरच्यांनी केली असं नाही. क्यूबातल्या समाजशास्त्रज्ञांनी ती स्वतः, नाव घालून, छापून केली. त्यांच्या धैर्याची नोंद बाहेरच्या आढाव्यांत फारशी होत नाही. काही जण नमुन्याचं पॉलिक्लिनिक पाहून भारावून लिहितात, काही जण देश सोडून मायामीत बसून फक्त गस्तीबद्दल लिहितात, आणि आतून बोलणाऱ्याचा आवाज दोघांच्याही कामाचा नसतो.

२००० मध्ये सरकारनं तरुण समाजसेवकांची शाळा काढली. शिक्षण सोडून घरी बसलेल्या हजारो मुलामुलींना एका वर्षाचं प्रशिक्षण देऊन वस्त्यांत पाठवलं. त्यांनी कुपोषित मुलं हुडकली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं हुडकली. २००१ ते २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकीतज्ज्ञांच्या पथकांनी घरोघरी जाऊन ३,६६,८६४ अपंग व्यक्तींची नोंद केली. प्रत्येकाच्या गरजेचा तपशील हाती असणं ही श्रीमंत देशांनाही न साधलेली गोष्ट. मग २००५ मध्ये त्याच तरुण समाजसेवकांना पेट्रोलपंपांवर चोरी रोखायला उभं केलं. नंतर घरोघरी जुने दिवे बदलायला धाडलं. दहा-अकरा वर्षांत ती योजना गुंडाळली गेली. ज्या मुलीनं काल आजोबांची विचारपूस केली तीच आज सरकारची पहारेकरी झाली, तर उद्या आजोबा तिला मनातलं सांगतील का? विश्वासावर चालणाऱ्या पेशाचं याहून मोठं नुकसान कोणतं?

२७ जानेवारी २०१९ च्या रात्री हवानातून एक टोर्नेडो गेला. रेग्ला, ग्वानाबाकोआ, दिएस दे ओक्तुब्रे या भागांत घरं कोलमडली. मोबाइलवर इंटरनेट येऊन दोन महिनेही झाले नव्हते. कोणीही न सांगता तरुण मुलं कपडे, पाणी, अन्न गाडीत भरून त्या वस्त्यांत पोचली. मोबाइलवरून एकमेकांना ठिकाणं कळवत होती, कोणाकडे लहान बाळ आहे, कोणाकडे औषध संपलं आहे. सरकारनं मदत अधिकृत मार्गानंच द्यावी असा आग्रह धरून पाहिला. पण त्या आठवड्यात साठ वर्षांचं शिक्षण दिसलं: शेजाऱ्याच्या दारात जायची सवय या समाजात खोल मुरली आहे, आणि ती कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाही.

अडीच वर्षांनी, ११ जुलै २०२१ ला, वीज, औषधं आणि अन्नाच्या टंचाईला कंटाळलेले लोक देशभर रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला तो ला ग्विनेरात. पोलिसांच्या गोळीनं तिथला एक रहिवासी गेला. त्या आंदोलनात सरकारनं कबूल केलेला तो एकमेव मृत्यू. मार्च २०२२ मध्ये ला ग्विनेरा आणि दिएस दे ओक्तुब्रेतल्या शंभराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या, काहींना ३० वर्षांपर्यंतच्या. ज्या वस्तीतल्या आयांनी आपल्या हातांनी घरं बांधली, त्याच वस्तीतली पोरं. त्यांना बोलायला शिकवलं होतं, आपल्या वस्तीत काय सलतं ते मांडायला शिकवलं होतं.

त्याच २०२२ मध्ये नव्या कुटुंब संहितेसाठी ७९ हजारांहून अधिक बैठका झाल्या. आजी-आजोबांचे हक्क, सांभाळणाऱ्याच्या श्रमाची किंमत, समलिंगी विवाह, सगळ्यांवर गल्लीगल्लीत चर्चा झाली आणि सप्टेंबरच्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के लोकांनी होकार दिला. ज्या देशानं कधी समलिंगींना छावणीत धाडलं होतं त्याच्यासाठी ही मोठी मजल, आणि मनापासून आनंदाची. मात्र त्याच वर्षीची नवी दंडसंहिता सार्वमताला टाकली नाही. ती राष्ट्रीय सभेनं मे महिन्यात मंजूर केली. घरातलं लोकांनी ठरवायचं, तुरुंगातलं सरकारनं.

आज तिथली लोकसंख्या एक कोटीच्या खाली गेली आहे आणि तिच्यातला चौथा हिस्सा साठीपुढचा आहे. तरुण देश सोडून चालले आहेत, त्यांत डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञही आहेत. २०१८ मध्ये हजारी चार असलेला बालमृत्यू-दर २०२१ मध्ये साडेसातच्या पुढे गेला. जानेवारी २०२५ मध्ये, व्हॅटिकनच्या मध्यस्थीनंतर, ५५३ कैद्यांना सोडण्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यांत जुलै २०२१ च्या आंदोलनातलेही काही जण होते. तुरुंगातून वस्तीत परतलेल्या अशा एखाद्या मुलाला रात्री झोप येत नसेल, तर त्याला जायला जागा सरकारीच: आपल्या भागाचं पॉलिक्लिनिक. खासगी वैद्यकीय व्यवसायाला तिथे परवानगी नाही. समोर बसलेली मानसशास्त्रज्ञ कदाचित त्याला लहानपणापासून ओळखत असेल, त्याच्या आईच्या शेजारी राहत असेल. ती आणि त्याला शिक्षा देणारा न्यायाधीश एकाच सरकारचे नोकर आहेत, आणि ती लिहील तो कागद एका सरकारी कपाटात जाणार आहे. हे त्यालाही माहीत आहे आणि तिलाही.